एक संगणक, आठ गड: जुने खेळ मर्यादित खात्यांत बसवण्याच्या नोंदी

शनिवार, ३ मे २०२५

पुण्यात कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत क्लबहाउसमागच्या खोलीत बालवाचनालय चालतं. तिथला संगणक म्हणजे सोसायटीच्या ऑफिसातून निवृत्त झालेलं जुनं यंत्र: दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १० होम, ६४ बिट. सुट्टीत मुलं त्यावर जुने खेळ खेळतात. खेळ पालकांच्या कपाटांतून आलेले, त्यामुळे आईबाबाही कधीमधी शेजारी बसून आपली जुनी हौस भागवून घेतात, आणि मला ते फार आवडतं.

सध्या सगळी मुलं एकाच ॲडमिन खात्यातून, म्हणजे संगणकात काहीही बदलायची मुभा असलेल्या खात्यातून, खेळतात. ब्राउझरमध्ये कुठकुठले टूलबार येऊन बसलेत आणि एकाचा राखून ठेवलेला डाव दुसऱ्याच्या हातून पुसला जातो. 'एज ऑफ एम्पायर्स'मधली इजिप्तची मोहीम संपत आलेली असताना गेली, तेव्हा पाचवीतली मुलगी रडायचीच बाकी होती.

ठरवलंय ते असं. आठ मुलं नियमित येतात, त्यांची आठ मर्यादित खाती. खेळ संगणकावर एकदाच बसवायचा, तो सगळ्यांना दिसला पाहिजे. राखलेला डाव मात्र ज्याचा त्याचा. आणि खेळ मूळ डिस्कवरचे किंवा मोकळेपणाने वाटायची परवानगी असलेले शेअरवेअर, एवढेच. कोणाच्या पेनड्राइव्हवरची क्रॅक केलेली फाइल चालवायची नाही.

सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, खाती करा, पण सगळ्यांना ॲडमिनच करून टाका ना. कटकट मिटेल." ॲडमिनला दुसऱ्या कोणाच्याही खात्यातल्या फायली उघडता येतात, पुसता येतात. मग वेगळी खाती करून काय उपयोग? त्यांना तसं सांगितलं, पटलं.

मंगळवार, ६ मे

तपकीर गल्लीत, म्हणजे संगणकाच्या सुट्या भागांच्या बाजारात, जाऊन आले. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह १,२५० रुपये, २४० जीबीची एसएसडी १,६०० रुपये, आणखी ४ जीबी रॅम ६५० रुपये, मदरबोर्डची बटण-बॅटरी ३० रुपये. ड्राइव्ह घेताना दुकानातच आपली एखादी ओरखडे पडलेली डिस्क लावून बघा. शेजारच्या दुकानातला स्वस्त ड्राइव्ह नवी डिस्क वाचत होता, आमची मात्र वाचेना.

संध्याकाळी एसएसडीवर विंडोज नव्याने टाकलं. जुनी हार्ड डिस्क डी ड्राइव्ह म्हणून ठेवली.

बुधवार, ७ मे

आठ खाती तयार झाली. होम आवृत्तीत सेटिंग्ज, अकाउंट्स, फॅमिली अँड अदर यूजर्स असं जायचं, 'या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही' हा पर्याय घ्यायचा आणि पुढच्या पडद्यावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय वापरकर्ता जोडायचा. ईमेल लागत नाही. नवं खातं आपोआप स्टँडर्ड, म्हणजे मर्यादितच होतं.

मुलांची खरी नावं पडद्यावर नकोत म्हणून प्रत्येकाने एक गड निवडला. सिंहगड, राजगड, तोरणा, पुरंदर, शिवनेरी, लोहगड, विसापूर, तिकोना. राजगडासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. नावं अर्थातच देवनागरीत टाकली, आणि साइन-इनच्या पडद्यावर ती सुंदर दिसतात.

शनिवार, १० मे

'एज ऑफ एम्पायर्स' (१९९७) बसवला. पहिल्यांदा चालवताना विंडोजने डायरेक्टप्ले (जुन्या खेळांना लागणारा विंडोजचा एक भाग) मागितलं. मर्यादित खात्यात ही विचारणा आली की ॲडमिनचा पासवर्ड लागतो, म्हणून ते आधीच ॲडमिनमधून चालू करून ठेवावं. विंडोज फीचर्सच्या यादीत लेगसी कंपोनंट्सखाली सापडेल. नेट जोडलेलं असताना करा, कारण फायली कधी कधी विंडोज अपडेटवरून येतात.

खेळ डी ड्राइव्हवर गेम्स नावाचं फोल्डर करून त्यात टाकला होता, सगळ्यांच्या जुन्या सवयीप्रमाणे. सिंहगडमधून डाव राखला. तोरणामधून खेळ उघडला तर तोच डाव समोर. तोरणाने त्यावरच आपला डाव राखला आणि सिंहगडचा गेला. वेगळी खाती करूनही परिस्थिती जिथल्या तिथे.

कारण परवानग्यांमध्ये आहे. डी ड्राइव्हवर, किंवा सी ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर, नवं फोल्डर केलं की त्यात साइन-इन केलेल्या प्रत्येकाला लिहायची, बदलायची, पुसायची मुभा असते. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी असं उघडलं की 'ऑथेंटिकेटेड यूजर्स'समोर 'मॉडिफाय'ची खूण दिसेल. १९९७ च्या खेळाला आपण कोणत्या खात्यात आहोत याच्याशी देणंघेणं नाही, तो आपल्याच फोल्डरात डाव लिहितो. फोल्डर सगळ्यांना मोकळं, म्हणून डावही सगळ्यांचे.

रविवार, ११ मे

खेळ काढून पुन्हा बसवला, या वेळी सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅम फाइल्स (एक्स८६) मध्ये. तिथे मर्यादित खात्याला लिहायची परवानगी नाही, त्यामुळे डाव राखला जाणारच नाही अशी अकरावीतल्या माझ्या मदतनिसाची खात्री होती. पण राखला गेला! तोरणातून पाहिलं तर सिंहगडचा डाव दिसतही नाही. हवं होतं नेमकं तेच.

घडतं ते असं. व्हिस्टापासून विंडोजमध्ये जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमसाठी एक सोय आहे. असा प्रोग्रॅम मर्यादित अधिकारात असताना प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला गेला की विंडोज ते लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअल स्टोअर या फोल्डरात वळवतं. वाचताना आधी तिथे बघतं, तिथे फाइल नसेल तर मूळ जागी. खेळाला वाटतं आपण आपल्याच घरात लिहिलं. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या, सामाईक भागातही हेच होतं.

ही सोय लागू आहे का ते टास्क मॅनेजरमध्ये दिसतं. डीटेल्सच्या टॅबवर रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करून 'यूएसी व्हर्च्युअलायझेशन' हा रकाना जोडा. खेळाच्या ओळीत 'एनेबल्ड' असेल तर काम झालं. 'नॉट अलाउड' किंवा 'डिसेबल्ड' असेल तर वळवणं होत नाही; खेळ ॲडमिन म्हणून चाललाय किंवा ६४ बिटचा आहे, असं काही कारण असतं. या रकान्याने पुढे माझा बराच वेळ वाचवला. पहिल्या दिवसापासून लावून ठेवा.

यातून एक छान गोष्ट हाती लागली. ॲडमिनने मूळ फोल्डरात राखलेला डाव सगळ्या खात्यांना दिसतो आणि कोणालाच पुसता येत नाही. त्याच नावाने राखायला गेलं तर बदललेली प्रत आपल्या खात्यात पडते, मूळ डाव शाबूत राहतो. लहानांसाठी मी थोडी घरं, थोडी शेतं उभी केलेला एक सुरुवातीचा डाव तसा ठेवून दिलाय.

मंगळवार, १३ मे

डिस्क सारखी काढ-घाल करून खराब होऊ नये म्हणून तिची आयएसओ प्रतिमा, म्हणजे डिस्कवरच्या डेटाची एकाच फाइलमधली प्रत, केली. विंडोज १० मध्ये आयएसओवर दोनदा क्लिक केलं की ती ड्राइव्ह म्हणून जोडली जाते आणि मर्यादित खात्यातूनही हे जमतं. संगणक रीस्टार्ट झाला की सुटते, मुलांनी पुन्हा जोडायची.

दोन अडचणी. खेळाने बसवताना पाहिलेलं ड्राइव्हचं अक्षर लक्षात ठेवलेलं असतं. मी बाहेरच्या ड्राइव्हवरून बसवला होता, तेव्हा अक्षर ई होतं. आयएसओला मिळालं एफ. खेळ म्हणतो, डिस्क घाला. म्हणून बसवतानाच आयएसओ जोडून तिच्यावरून बसवा, आणि पेनड्राइव्ह लावायचाच असेल तर आयएसओच्या नंतर लावा. दुसरी अडचण अशी की काही डिस्कवर संगीत ऑडिओ सीडीसारख्या ट्रॅकमध्ये असतं. आयएसओत फक्त डेटा येतो, संगीत मागेच राहतं. अशा डिस्कसाठी खरी डिस्कच वापरतोय.

शुक्रवार, १६ मे

आज वैताग आला. गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ आहे, २००० नंतरचा. तो डाव स्वतःच्या फोल्डरात न ठेवता वापरकर्त्याच्या डॉक्युमेंट्समध्ये ठेवतो, म्हणजे आपल्या कामासाठी आदर्श. ॲडमिनमध्ये उत्तम चालला. सिंहगडमध्ये उघडला तर 'प्रोफाइल तयार करता येत नाही'. राजगडमध्ये तेच, आठही गडांवर तेच. 'एज ऑफ एम्पायर्स' मात्र त्याच खात्यांत बिनबोभाट चालतोय.

परवानग्यांचा घोळ समजून दुपार घालवली. डॉक्युमेंट्सवर पूर्ण हक्क देऊन पाहिले, काही फरक नाही.

शनिवार, १७ मे

सापडलं. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात प्रोसेस मॉनिटर नावाचं फुकट साधन आहे. कोणता प्रोग्रॅम कोणत्या फाइलला हात लावतो आणि त्याला काय उत्तर मिळतं हे ते ओळीओळीने दाखवतं. सिंहगड खात्यातच ते ॲडमिनच्या पासवर्डने उघडलं, गाळणी लावून फक्त त्या खेळाच्या ओळी ठेवल्या. 'ॲक्सेस डिनाइड' दिसेल अशी अपेक्षा होती. दिसलं ते वेगळंच: रस्ता सी, यूजर्स, आणि पुढे सिंहगडच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. उत्तर, 'नेम इनव्हॅलिड'.

जुने खेळ युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच अक्षरपद्धतीच्या) आधीच्या पद्धतीने फायलींची नावं हाताळतात. त्या पद्धतीत विंडोज भाषेनुसार एक कोडपेज, म्हणजे अक्षरांना आकडे देणारा तक्ता, वापरतं, आणि देवनागरीसाठी तसं कोडपेज विंडोजमध्ये कधी नव्हतंच. मराठी आणि हिंदी विंडोजमध्ये आल्या त्याच युनिकोडमधून. त्यामुळे या खेळांना देवनागरी नाव वाचता येत नाही. प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं, आणि विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही.

मग 'एज ऑफ एम्पायर्स' कसा चालला? तो फक्त प्रोग्रॅम फाइल्सचा रस्ता बघतो, त्यात देवनागरी नाही. वळवण्याचं काम विंडोज खालच्या पातळीवर करतं आणि त्याला युनिकोड समजतं.

खात्याचं नाव नंतर बदलून उपयोग नाही, कारण यूजर्समधलं फोल्डर पहिल्या साइन-इनच्या वेळचंच राहतं. आठही खाती रोमन लिपीतल्या नावांनी नव्याने करावी लागली. मग कंट्रोल पॅनेल, यूजर अकाउंट्स, 'चेंज द अकाउंट नेम' असं जाऊन देवनागरी नाव दिलं. तिथे फक्त दिसणारं नाव बदलतं, फोल्डर रोमनच राहतं. मुलांना साइन-इनच्या पडद्यावर आपापला गड मराठीतच दिसतो. ते मला सोडायचं नव्हतं.

मराठी वापरकर्त्यांसाठी ही नोंद मुद्दाम लांब लिहिली. नव्या प्रोग्रॅमना देवनागरी नावाचा काहीच त्रास होत नाही, त्यामुळे शंका तिकडे जातच नाही.

रविवार, १८ मे

जुन्या खात्यांतले डाव नव्या खात्यांत आणले. व्हर्च्युअल स्टोअरमधलं फोल्डर कॉपी करून पेस्ट करायचं, कट करायचं नाही. त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं की फाइल जुन्या मालकाच्या परवानग्या सोबत घेऊन जाते आणि नव्या खात्यात ती उघडत नाही. कॉपी केल्यावर ती नव्या जागेच्या परवानग्या घेते. सगळं नीट आल्यावरच जुनी खाती पुसली.

पाचवीतल्या मुलीने इजिप्तची मोहीम नव्याने सुरू केली होती. तिचा डाव सगळ्यात आधी हलवला.

गुरुवार, २२ मे

सकाळपासून वीज नव्हती, देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा गुरुवारच तो. दुपारनंतर बसले.

शर्यतीच्या खेळात पडद्याचं रेझोल्यूशन ठरवायचा वेगळा छोटा प्रोग्रॅम आहे, त्याच्या नावात 'सेटअप' शब्द आहे. मर्यादित खात्यात तो उघडला की ॲडमिनचा पासवर्ड मागतो. विंडोज जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमच्या नावात सेटअप, इन्स्टॉल, अपडेट असले शब्द दिसले की तो इन्स्टॉलर आहे असं धरून चालतं.

मदतनिसाने काल पासवर्ड टाकून दिला होता. त्याचा परिणाम आज कळला: मर्यादित खात्यात बसून ॲडमिनचा पासवर्ड दिला की तो प्रोग्रॅम ॲडमिन *म्हणून* चालतो. राजगडने निवडलेलं रेझोल्यूशन ॲडमिनच्या खात्यात जाऊन बसलं, राजगडमध्ये जैसे थे. खेळच तसा चालवला असता तर डावही ॲडमिनच्या डॉक्युमेंट्समध्ये गेला असता. पोरगा कामसू आहे, त्याला म्हटलं, "अरे, पासवर्ड मागितला की टाकायचा नाही, आधी मला हाक मार."

उपाय म्हणजे तीन ओळींची बॅच फाइल, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांची फाइल. पहिल्या ओळीत 'कॉम्पॅट लेयर' हे चल (व्हेरिएबल) 'रन ॲज इन्व्होकर' असं ठेवायचं (नावाआधी दोन अधोरेषा), दुसरीत खेळाच्या फोल्डरात जायचं, तिसरीत तो प्रोग्रॅम सुरू करायचा. मग तो पासवर्ड न मागता मुलाच्या स्वतःच्या अधिकारात उघडतो. बॅच फाइलचा शॉर्टकट पब्लिक फोल्डरातल्या डेस्कटॉपवर ठेवला की आठही खात्यांत दिसतो.

शनिवार, २४ मे

डॉसचे खेळ. ६४ बिट विंडोजवर ते थेट चालत नाहीत, १६ बिट इन्स्टॉलरही चालत नाहीत. डॉसबॉक्स हा जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम लागतो. आमच्याकडे 'कमांडर कीन'चा पहिला भाग आहे, १९९० चा शेअरवेअर, त्यामुळे वाटायला मोकळा. आणि तळमजल्यावरच्या काकांकडची 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची मूळ पेटी, पुस्तिकेसकट. पुस्तिका नसती तर खेळ पहिल्या टप्प्यापुढे गेलाच नसता. तिथे एक खोली लागते, अक्षरं लिहिलेल्या कुप्या मांडलेल्या. पुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधायचं आणि तीच कुपी प्यायची. मूळ पुस्तिका काकांना परत दिली, झेरॉक्स टेबलाच्या काचेखाली आहे. मुलांना ही खोली खेळाइतकीच आवडते.

डॉसबॉक्समध्ये विंडोजची ती वळवायची सोय कामाची नाही, डॉसचे खेळ प्रोग्रॅम फाइल्समध्ये नसतात. डॉसबॉक्स स्टेजिंग या आवृत्तीत 'ओव्हरले' आहे, ते वापरलं. आधी सामाईक फोल्डर सी म्हणून माउंट करायचं, म्हणजे डॉसबॉक्सला ड्राइव्ह म्हणून जोडायचं, मग त्याच सीवर मुलाच्या ॲपडेटामधलं एक फोल्डर ओव्हरले प्रकाराने माउंट करायचं. वाचन सामाईक फोल्डरातून, लेखन सगळं मुलाच्या फोल्डरात. सामाईक फोल्डरची सिक्युरिटी उघडून वारसा तोडला, म्हणजे वरच्या फोल्डरकडून येणाऱ्या परवानग्या थांबवल्या, आणि यूजर्सना फक्त वाचायची व चालवायची परवानगी ठेवली.

पहिल्यांदा ओव्हरले नाकारलं गेलं. दोन्ही रस्ते एकाच पद्धतीने द्यावे लागतात, दोन्ही ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण किंवा दोन्ही अपुरे. माझा एक पूर्ण होता, एक अपुरा. आणि मुलाचं फोल्डर आधी अस्तित्वात हवं, नसेल तर बॅच फाइलनेच करून घ्यायचं.

बुधवार, २८ मे

एक डिस्क चाललीच नाही. खेळ बसतो, सुरू होत नाही, काही संदेशही नाही. डिस्क उघडून पाहिली तर त्यात 'सेकड्रव्ह' नावाची सिस्टिम फाइल. ही सेफडिस्क नावाच्या कॉपी-संरक्षणाची खूण. त्याचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये नाही, आणि जुन्या विंडोजवरही मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटने तो बंद केला, कारण त्यातून मर्यादित वापरकर्त्याला वरचे अधिकार बळकावता येत होते. परवानग्यांशी झटून इथे काही होणार नाही. ड्रायव्हर कुठून तरी आणून टाकायचे सल्ले मिळाले, ते मी मानले नाहीत. मुलांच्या संगणकावर ते भोक पुन्हा पाडायची माझी तयारी नाही. यापुढे डिस्क आली की आधी ती उघडून ही फाइल शोधते, मगच बसवायला घेते.

शनिवार, ३१ मे

एक्सपीतलं पिनबॉल बसवलं. ते उच्चांक रजिस्ट्रीच्या त्या-त्या वापरकर्त्याच्या भागात ठेवतं, म्हणून प्रत्येकाची यादी वेगळी. इथे मात्र मुलांना एकच सामाईक यादी हवी होती! खेळात तशी सोय नाही. भिंतीवर पांढरा फळा लावला, गडाचं नाव आणि आकडा लिहायचा. सध्या तिकोना सगळ्यांच्या वर आहे.

'स्विच यूजर' बंद केलं. एकाचा खेळ मागे चालू राहायचा, आवाज यायचा, दुसऱ्याला 'खेळ आधीच चालू आहे' असा संदेश. रजिस्ट्रीत सिस्टिम पॉलिसीजखाली 'हाइड फास्ट यूजर स्विचिंग' १ केलं, आता साइन-आउट केल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही.

रविवार, ८ जून

शाळा सुरू व्हायच्या आधीची कामं. 'नेट यूजर' या आज्ञेने प्रत्येक खात्याला साइन-इनची वेळ ठरवून दिली: सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ५ ते ७, शनिवार-रविवार सकाळी १० पासून. वेळ संपली म्हणून आत बसलेलं मूल आपोआप बाहेर पडत नाही, फक्त नव्याने साइन-इन होत नाही. सात वाजता हाक मारायला कोणीतरी मोठं माणूस लागतंच.

डावांची प्रत दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर जाईल. प्रत्येक खात्यातलं व्हर्च्युअल स्टोअर, डॉक्युमेंट्स आणि डॉसबॉक्सचं ओव्हरले फोल्डर, एवढंच घ्यायचं. आठही मिळून एका पेनड्राइव्हवर मावतं.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार (सुरक्षा अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, आणि हे यंत्र विंडोज ११ घेत नाही. नेटची केबल आजच काढली, खेळांना ती लागत नाही. सेफडिस्कवाल्या खेळाची संरक्षण नसलेली नवी आवृत्ती विकत मिळते का ते मदतनीस बघतोय. मिळाली तर खर्चाचा अर्ज कमिटीच्या पुढच्या बैठकीत ठेवेन, आणि बसवल्यावर आधी टास्क मॅनेजरमधला तो रकाना बघेन.